मठवासिनी आणि धर्मभगिनी : कॅथलिक परंपरेतील एक भेद

इंदापूर-बारामती भागातील शेळगाव येथे वर्षावासातील एका प्रवचनानंतर एका उपासिकेने आम्हांस विचारले, "सर, आपली भिक्खुनी म्हणजे ख्रिस्ती लोकांची नन किंवा सिस्टर, असेच ना?" आम्ही "साधारणतः तसेच" असे उत्तर देऊन मोकळे झालो. परतीच्या वाटेवर मात्र ते उत्तर मनाला खटकत राहिले. कारण नन आणि सिस्टर ह्या मुळात एक नव्हेत आणि भिक्खुनी तर ह्या दोहोंहून निराळी आहे. त्या उपासिकेस द्यावयाचे राहून गेलेले उत्तर प्रस्तुत लेखात देण्याचा आमचा प्रयत्न आहे.

हा गोंधळ होणे स्वाभाविक आहे. मराठीत 'सिस्टर' हा शब्द रुग्णालयातील परिचारिकेसाठी रूढ झाला आणि 'कॉन्व्हेंट' म्हणजे इंग्रजी शाळा असा अर्थ लोकांच्या मनात बसला. वस्तुतः कॉन्व्हेंट म्हणजे मठ होय. शाळा आणि रुग्णालये चालविणाऱ्या व्रतस्थ ख्रिस्ती स्त्रियांमुळे हे दोन्ही शब्द आपल्याकडे आले. ह्या स्त्रियांना मराठी ख्रिस्ती बांधव 'धर्मभगिनी' म्हणतात. मठाच्या भिंतीआड राहून केवळ प्रार्थनेला वाहून घेणाऱ्या स्त्रीस आपण येथे 'मठवासिनी' म्हणू. इंग्रजी 'नन' हा शब्द काटेकोर अर्थाने तिचाच आहे.

दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते दोघींनाही समान आहेत. भेद आहे तो व्रताच्या कायदेशीर स्वरूपात. 1917 च्या कॅथलिक धर्मसंहितेने पूर्ण गंभीर व्रत घेणारीस 'मोनियालिस' आणि साधे व्रत घेणारीस 'सोरोर', म्हणजे भगिनी, अशी लॅटिन नावे दिली. गंभीर व्रत घेणारी स्त्री मालमत्तेवरील मालकी हक्कच सोडीत असे. तिने पुढे विवाह केला तरी चर्चच्या दृष्टीने तो विवाहच ठरत नसे. साधे व्रत घेणारीची मालकी नावापुरती शिल्लक राही, परंतु तिचा स्वेच्छेने उपभोग घेता येत नसे. तिने केलेला विवाह निषिद्ध असे, पण रद्दबातल नसे. 1983 च्या नव्या संहितेत ह्या भेदाची धार बरीच बोथट झाली. तथापि मठवासिनींचे बंदिस्त जीवन आजही स्वतंत्र नियमांनी बांधलेले आहे.

हा भेद केवळ शब्दांचा नव्हे. 1298 मध्ये पोप बोनिफेस आठवे ह्यांनी सर्व व्रतस्थ स्त्रियांनी मठाबाहेर पडू नये असा आदेश काढला. 1563 मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने तो दृढ केला आणि 1566 मध्ये पोप पायस पाचवे ह्यांनी तो अधिक कडक केला. व्रतस्थ स्त्री म्हणजे बंदिस्त स्त्री, हे समीकरण पक्के झाले. पुरुषांच्या संघांना मात्र गावोगाव हिंडून उपदेश करण्याची मोकळीक होती. इंग्लंडच्या मेरी वॉर्ड ह्यांनी 1609 पासून भिंतीबाहेर राहून मुलींना शिकविणाऱ्या स्त्रियांचा संघ उभारला. 1631 मध्ये पोपने तो बरखास्त केला आणि खुद्द मेरी वॉर्ड ह्यांना म्युनिक येथील एका मठात काही काळ कोंडून ठेवण्यात आले. 1633 मध्ये फ्रान्समध्ये स्थापन झालेल्या सेवाभगिनींच्या संघाने वेगळी वाट काढली. त्यांनी स्वतःस मठवासिनी म्हणविलेच नाही. वर्षाला नवी करावयाची खाजगी व्रते घेऊन त्या रुग्णांच्या घरी जात राहिल्या. काम चालू राहिले, परंतु अशा स्त्रियांना पूर्ण अर्थाने 'धर्मजीवनी' मानावयास रोमला 1900 साल उजाडावे लागले. त्या वर्षी पोप लिओ तेरावे ह्यांनी साध्या व्रताच्या संघांना रीतसर मान्यता दिली.

ह्या इतिहासाची दोन्ही टोके आपल्या शेजारच्या गोव्यात एकाच वास्तूत पाहावयास मिळतात. जुन्या गोव्याच्या टेकडीवरील सांता मोनिका मठाचा पाया 1606 मध्ये आर्चबिशप आलेशो द मेनेझिस ह्यांनी घातला. 1627 मध्ये तो पूर्ण झाला, 1636 मध्ये आगीत जळाला आणि पुन्हा बांधला गेला. तो ऑगस्टिनियन मठवासिनींचा होता. जाड भिंती, बाहेरच्यांशी बोलावयाचे ते जाळीआडून, आणि प्रवेशासाठी हुंडा. ह्या भिंतींच्या आत सर्व स्त्रिया समान मात्र नव्हत्या. गानमंडलात बसून लॅटिन प्रार्थना म्हणणाऱ्या स्त्रियांचे शिरोवस्त्र काळे असे, तर घरकाम करणाऱ्यांचे पांढरे. काळे शिरोवस्त्र प्रामुख्याने पोर्तुगीज कुळांतील मुलींच्या वाट्याला आले. त्यांच्या सेवेला दासीही होत्या. जन्म आणि संपत्ती ह्यांची उतरंड मठाच्या दारातून आत शिरली ती अशी. मुख्य मठवासिनी आणि कामकरी भगिनी हा दुहेरी वर्ग कॅथलिक मठांत अन्यत्रही होता. तो मोडून एकच वर्ग करावा असे 1965 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सांगितले.

1835 मध्ये पोर्तुगीज सत्तेने गोव्यातील धर्मसंघ बंद केले. मठवासिनींना राहू दिले, परंतु नव्या प्रवेशास बंदी घातली. एकेक वृद्धा निवर्तत गेली आणि 1885 मध्ये अखेरच्या मठवासिनीचा मृत्यू झाला. 1964 मध्ये त्याच वास्तूत धर्मभगिनींना धर्मशास्त्राचे शिक्षण देणारी 'मातेर देई' ही संस्था सुरू झाली. जेथे स्त्रीने बाहेर पडू नये म्हणून भिंती बांधल्या, तेथेच बाहेर जाऊन काम करणाऱ्या स्त्रिया शिकू लागल्या.

उर्वरित भारतात आल्या त्या मुख्यतः धर्मभगिनी. येशू-मेरी संघाच्या भगिनी 1842 मध्ये आग्र्यास पोहोचल्या. त्यांच्या शाळा पुढे मुंबई-पुण्यातही निघाल्या. मदर तेरेसा ह्यांना वृत्तपत्रे 'नन' म्हणत असली तरी काटेकोर अर्थाने त्या धर्मभगिनीच होत्या. मेरी वॉर्ड ह्यांच्या परंपरेतील लोरेटो संघात त्या प्रथम होत्या. कलकत्त्याच्या वस्तीत जाऊन राहण्यासाठी 1948 मध्ये त्यांना रोमची परवानगी मिळवावी लागली. भगिनी झाली तरी उंबरठा ओलांडणे सोपे नव्हते, हे ह्यावरून ध्यानी यावे.

आता भिक्खुनीकडे वळू. ती मठवासिनी नव्हे, कारण पिंडपातासाठी तिला गावात जावेच लागते. ती धर्मभगिनीही नव्हे, कारण शाळा वा रुग्णालय चालविणे हा तिच्या उपसम्पदेचा आधार नाही. थेरवाद परंपरेतील पातिमोक्खाच्या 311 नियमांनी आणि संघकर्माने तिचे स्थान ठरते. विनयाने तिला अरण्यवास वर्ज्य केला. आपल्याच पुणे जिल्ह्यातील जुन्नरच्या एका लेण्यातील शिलालेखात धम्मुत्तरीय पंथाच्या भिक्खुनी-उपस्सयाचा उल्लेख आहे. हा उपस्सय डोंगरात नव्हे, नगरात होता. रायगड जिल्ह्यातील कुडा येथे पदुमनिका नावाच्या प्रव्रजितेने आपल्या शिष्यांसह चैत्यगृह दान दिल्याचे कोरलेले आहे. स्त्रिया येथे लोकवस्तीत राहत होत्या, शिष्य घडवीत होत्या आणि आपल्या नावाने दान देत होत्या. विनयातील आठ गरुधम्मांनी भिक्खुनीस भिक्खूच्या खाली बसविले, हेही विसरता येत नाही. त्यांच्या प्राचीनतेविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

कॅथलिक इतिहासाशी खरे साम्य आढळते ते अन्यत्र. श्रीलंकेत भिक्खुनी परंपरा खंडित झाल्यावर दहा शील घेऊन राहणाऱ्या स्त्रियांना 'दससिल माता' म्हणत. मुंडण, चीवर, साधना, लोकसेवा हे सारे त्यांच्याकडे होते, नव्हती ती संघातील मान्यता. डिसेंबर 1996 मध्ये सारनाथ येथे आणि 1998 मध्ये बुद्धगया येथे उपसम्पदा झाल्या, तेव्हा हा बंद दरवाजा किलकिला झाला. काही थेरवादी संघ त्या उपसम्पदा आजही मानीत नाहीत.

म्हणून शेळगावच्या उपासिकेस आमचे सुधारलेले उत्तर असे : ताई, नन ही भिंतीआड, सिस्टर ही भिंतीबाहेर, आणि भिक्खुनी ही संघात. पहिलीचे स्थान बंदिवासाने ठरले, दुसरीला काम करूनही तीन शतके स्थानासाठी थांबावे लागले. आपल्या विहारांतून दहा शील घेऊन वावरणाऱ्या स्त्रीस आपण सरसकट 'माताजी' म्हणतो. ती सामणेरी आहे, सिक्खमाना आहे की उपसम्पन्न भिक्खुनी, हे विचारीतही नाही. हे न विचारणे नम्रतेचे दिसते, परंतु त्यामुळे तिचा हक्क अस्पष्ट राहतो. नाव नेमके असेल तरच त्यासोबतचे शिक्षण, निवास आणि संघातील आसन तिला मागता येते. ते मागण्याची पाळी तिच्यावर येऊ नये, ही जबाबदारी उपासक-उपासिकांची आहे.