वरणाचं पाणी आणि लेकराचा घास



उद्या पहाटे आपण रामटेकच्या वाटेला लागणार. कितीतरी माया कडेवर लेकरं घेऊन आल्या आहेत, म्हणून आज कन्हानच्या मुक्कामी उष्टावणाबद्दल चार शब्द सांगतो.

उष्टावण म्हणजे अन्नप्राशन, सोळा संस्कारांतला एक. गृह्यसूत्रांनी त्याला सहावा महिना सांगितला. आजचे डॉक्टरही सांगतात, सहा महिने पूर्ण होईस्तोवर फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. मग दूध चालू ठेवून अन्न. असं का? लेकरू जन्मताना लोहाची शिदोरी आईच्या पोटातून बांधून आणतं. सहा महिन्यांच्या सुमारास ती सरत येते, आणि दुधात लोह फार थोडं. आईचं दूध काही वाईट झालं नाही, लेकरू मोठं झालं!

आता माझ्याच घरची चूक सांगतो. नातवाचं उष्टावण थाटात झालं. मामानं चांदीच्या वाटीतून खीर चाटवली. पण दुसऱ्या दिवसापासून काय? वरणाचं वरचं पाणी! "वरण जड जाईल" असं मीच म्हणालो. लेकरू वाटीभर प्यायचं, ढेकर द्यायचं, आम्ही खूश. दोन महिन्यांनी अंगणवाडीच्या ताईनं वजन केलं, तर काटा जेमतेम हललेला. तिनं चमचा तिरपा करून दाखवला. म्हणाली, "बाबा, ओघळतं ते पाणी, चमच्यावर टिकतं ते अन्न."

माउलींनो, लेकराचं पोट केवढंसं! ते पाण्यानं भरलं तर अन्नाला जागा कुठं? ही कन्हान नागपूरची तहान भागवते. भूक मात्र काठावरच्या शेतातूनच भागते ना?

मग करायचं काय? मऊ वरणभात किंवा खिचडी हातानं कुस्करा, गाळू नका. वर थोडं तूप घाला. कधी केळ, कधी उकडलेलं रताळं, भोपळा. खात असाल तर पूर्ण शिजलेलं अंडंही चालतं. सुरुवातीला दोन-तीन चमचे, दिवसातून दोन वेळा. हळूहळू अर्धी वाटी. नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा. वर्षाचं झालं की घरच्याच भांड्यातलं, बिनतिखट, पाऊण ते एक वाटी. आईचं दूध दोन वर्षांपर्यंत आणि पुढंही चालू द्या. तोंड फिरवलं तर कोंबू नका, उद्या पुन्हा द्या. आजारपणात उपाशी ठेवू नका, थोडं थोडं भरवत राहा.

वाटेवर जपायचं ते असं. पाणी उकळलेलं, हात साबणानं धुतलेले, बाटलीऐवजी वाटी-चमचा. सकाळचं कालवलेलं संध्याकाळी नको. वर्षाच्या आत मध चाटवू नका. आणि प्रसादाचे फुटाणे, शेंगदाणे, खडीसाखर लहानग्याच्या तोंडात घालू नका, घशात अडकतात. प्रसाद त्याच्या कपाळाला लावा आणि तुम्ही खा!

कुणी विचारेल, "महाराज, एकादशीला?" अहो, लेकराला एकादशी नसते. पाजणाऱ्या मायनंही पोटभर जेवावं, देव रागावत नाही.

देवाला नैवेद्य दाखवताना आपण पानात वरणभात वाढतो, वर तुपाची धार सोडतो. वरणाचं पाणी कुणी दाखवतं का? मग घरातल्या बाळकृष्णालाच ते का?

बोला, रामकृष्ण हरी!