रंगवेश – लेखांक ५ : आधी हात वर करून पाहा

गेल्या आठवड्यात आपण कापडाची निवड पाहिली. आता कात्री हातात घ्यायची. पण वेशभूषा शिकायला सुरुवात करणारा माणूस इथे हमखास चित्रांच्या मागे लागतो. पेशवाईची चित्रं, जुने फोटो, सिनेमातली दृश्यं गोळा होतात आणि गळा कसा, काठ केवढा, रंग कोणता एवढ्यावरच सगळी चर्चा संपते. माझं म्हणणं असं, की रंगमंचावरच्या पोशाखाची सुरुवात चित्रापासून करूच नये. संहिता घ्यावी आणि त्या पात्राला काय काय करायचं आहे, याची यादी लिहून काढावी. मांडी घालून बसायचं आहे का? कुणाला उचलायचं आहे, कोसळायचं आहे, पायऱ्या चढायच्या आहेत, नाचायचं आहे? एका प्रवेशातून दुसऱ्यात जाताना कपडे बदलायला किती वेळ मिळतो? हे ठरल्यावर कापाचा निम्मा निर्णय होऊन जातो. जर, बुट्टे, लेस यांची वेळ नंतर येते आणि पैसे कमी पडले तर त्यांतलं बरंच वगळताही येतं. हालचाल वगळता येत नाही.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा काखेत सापडतो. आज बाजारात मिळणाऱ्या ढगळ शर्टाचा मुंढा खोल कापलेला असतो, कारण तो अनेक अंगांना कसाबसा बसावा लागतो. असा शर्ट घालून दोन्ही हात डोक्यावर न्या, अख्खा शर्ट वर चढतो आणि कमरेतून बाहेर येतो. खोल मुंढा मोकळा असेल असं वाटतं, प्रत्यक्षात तो हाताला धडाशी बांधून ठेवतो. मुंढा जितका काखेच्या जवळ, तितका हात मोकळा. आपल्या जुन्या अंगरख्याने हा प्रश्न फार सुंदर सोडवला होता. बाही सरळ पट्टीची, धडही जवळजवळ सरळ, आणि दोन्ही जिथे काखेत मिळतात तिथे एक चौकोनी तुकडा जोडलेला. त्या चौकोनाच्या दोन बाजू बाहीला आणि दोन बाजू धडाला शिवल्या, की त्याचा कर्ण कमरेकडून कोपराकडे जातो. कापड उभ्या किंवा आडव्या धाग्यावर ताणलं जात नाही, तिरकं मात्र ताणलं जातं, हे आपण गेल्या वेळी पाहिलं. हात वर गेला की नेमका कर्णावर ताण येतो, चौकोन तिरका लांबतो आणि अंगरखा जागेवर राहतो. हात खाली आला की तो तुकडा काखेत मिटतो, प्रेक्षकाला दिसतही नाही. चार-पाच इंचांच्या या तुकड्यावर तलवारीचा वार उभा असतो. तरीही ऐतिहासिक नाटकासाठी अंगरखे शिवून घेताना कित्येकदा वरून अंगरखा आणि आतून शर्टाचा मुंढा, असाच प्रकार होतो. मग पहिल्याच युद्धप्रसंगात काख उसवते आणि दोष शिंप्याच्या दोऱ्याला दिला जातो.

म्हणून महागड्या कापडाला कात्री लावण्याआधी मांजरपाटाचा कच्चा नमुना शिवायचा. तो धावदोऱ्यावर टाचलेला असला तरी चालतो. मात्र नटाला आरशापुढे ताठ उभं करून माप तपासण्यात काही अर्थ नाही, कारण ताठ उभ्या माणसाला जवळजवळ कुठलाही कपडा बसतो. यादीतली सर्वांत अवघड हालचाल त्याच्याकडून करून घ्यायची आणि जिथे ओढ बसते तिथे खडूने खूण करायची. खाली बसताना पाठीची लांबी वाढते, श्वास भरून गाताना बरगड्यांचा घेर वाढतो, वाकताना लेंग्याच्या दोन पायांच्या मधला भाग ताणला जातो. या तीन ठिकाणी मापाच्या फितीपेक्षा खडूवर जास्त विश्वास ठेवावा. शिवताना शिलाईच्या आत मायाही सढळ सोडावी. बाजूंना इंचभर आणि पाठीच्या मधल्या शिवणीत त्याहून थोडी जास्त. प्रयोग वाढतात तशी माणसं बदलतात आणि तोच पोशाख उद्या दुसऱ्याच्या अंगावर जायचा असतो. अस्तराचीही एक युक्ती आहे. अंगाचं अस्तर वेगळं शिवून आत बसवण्याऐवजी प्रत्येक तुकड्याखाली अस्तर टाचून दोन्ही मिळून एकच तुकडा मानायचा आणि मग शिवणी घालायच्या. एक शिवण उसवली की अस्तरासकट कपडा सैल किंवा घट्ट करता येतो. दुकानातल्या कपड्याची स्वच्छ आतली बाजू इथे मिळत नाही, पण ती पाहायला येतंय कोण?

नऊवारीच्या बाबतीत हाच नियम थोडा उलट बाजूने लागू पडतो. नऊवारी, म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपासचं कापड, मुळातच हालचालीसाठी नेसलं जात आलं आहे. शेतातली लावणी आणि फडावरची लावणी दोन्ही काष्ट्यातच झाल्या. मग ती शिवून घेण्याची गरज काय, असा आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. नटी नाटकभर एकाच साडीत असेल तर ती नेसवावीच. रंगमंचावर शिवलेल्या साडीचं कारण हालचाल नसून वेळ आहे. दोन मिनिटांत साडी बदलून पुन्हा प्रवेश करायचा असेल तर दुसरा इलाज नाही. ‘ब्रह्मचारी’ (१९६८) या चित्रपटातल्या नृत्यगीतासाठी मूळच्या कोल्हापूरच्या भानू अथय्या यांनी मुमताजला अंगाबरोबर बसणारी, आधीच शिवलेली साडी दिली. तिथे मात्र वेळ नव्हे, निऱ्या हलू नयेत ही गरज होती, म्हणून शिवण योग्य ठरली. रंगमंचावरची शिवलेली नऊवारी पुष्कळदा निर्जीव दिसते, कारण शिंपी निऱ्या थेट खालपर्यंत टिपा मारून पक्क्या करतो. नेफ्यापासून चार बोटांपर्यंतच निऱ्या पकडाव्यात, पुढे त्या मोकळ्या सोडाव्यात. काष्टा पक्का आणि निऱ्या सुट्या राहिल्या की वेळही वाचतो आणि चालताना साडी बोलते.

इतिहासाचा आग्रह धरणारे इथे म्हणतील, की असं करत गेलं तर पोशाख खोटा होतो. बाराबंदीला बारा बंद असतात, तुम्ही त्यांतले दहा नुसते शोभेला शिवून आत हूक लावणार! होय, पोशाख लगेच बदलायचा असेल तर मी तसं करायला सांगेन. बारा गाठी हे त्या वस्त्राचं सत्य आहेच, पण विंगेच्या अंधारात गाठ सोडता न आल्यामुळे प्रवेश चुकला तर त्या सत्याचा कुणालाच उपयोग होत नाही. मात्र ही सूट बांधण्यापुरतीच घ्यावी, कापात घेऊ नये. जुन्या वस्त्रांचा काप आपल्यापेक्षा शहाणा होता, हे अंगरख्याच्या काखेत आपण पाहिलंच आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी जुनी वस्त्रं पाहताना भरतकामावर नजर खिळते. तिथे कळ्या कुठे जोडल्या आहेत, घेर कुठून सुरू होतो, शिवणी कुठून कुठे जातात हे पाहावं. आणि हूक शक्य असेल तिथे वेल्क्रो टाळावा, कारण शांत प्रवेशात त्याचा फाटल्यासारखा आवाज मागच्या रांगेपर्यंत जातो.

याहून वजनदार आक्षेप वेगळाच आहे. पोशाखाने नटाला अडवायलाही हवं. जड पगडीमुळे मान ताठ राहते, लांब घेरामुळे पावलं मोजून पडतात, आणि त्या अडण्यातूनच पात्र उभं राहतं. बालगंधर्वांनी खऱ्या भारी शालू-पैठण्या नेसल्या. सोयीचा विचार केला असता तर संगीत रंगभूमीचं ते वैभव उभं राहिलं असतं का? आक्षेप खरा आहे, पण तो माझ्या म्हणण्याला छेद देत नाही. गाण्याच्या प्रवेशात पात्र बराच वेळ एका जागी असतं. तिथे खांद्याची किंचित हालचाल, पदर सावरणं, अर्धं वळणं हेच सगळं चलन. जड रेशीम सरळ खाली पडतं आणि अशी लहान हालचाल लांबून दिसेल इतकी मोठी करतं. म्हणजे तिथे भारी वस्त्र हालचालीसाठीच योग्य होतं. १९७२ साली आलेल्या ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकात गरज नेमकी उलटी होती. ओळीने उभी राहिलेली माणसं पाठ फिरवून पडदा होतात, डोलतात, गातात, क्षणात फुटून वेगळी माणसं होतात. अशा समूहाला जड वस्त्र दिलं असतं तर पडदाच हलला नसता. पोशाखाने अडवावं, पण कुठे अडवायचं आणि कुठे सोडायचं हे कापणाऱ्याने ठरवलेलं असावं. मान अडवायची असेल तर काख मोकळी ठेवावी. दोन्ही आपसूक अडली, तर ती रचना नसून निष्काळजीपणा असतो.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. हौशी संस्था आणि कॉलेजचे संघ ड्रेपरीवाल्याकडून पोशाख भाड्याने आणतात, त्यांना हे सगळं चैनीचं वाटेल. भाड्याच्या पोशाखाला कात्री लावता येत नाही हे खरं, म्हणून तर हालचालीची यादी तिथे जास्त उपयोगी पडते. दुकानात पोशाख अंगावर चढवून त्याच ठिकाणी बसून, वाकून, हात उंचावून पाहावं आणि अडणारा जरीचा अंगरखा सोडून मोकळा साधा उचलावा. पोशाख प्रयोगाच्या दिवशीच हातात येणार असेल, तर तालमीसाठी तेवढ्याच घेराचा मांजरपाटाचा झगा आणि तेवढ्याच लांबीचं जुनं लुगडं वापरावं. दहा तालमी पँटमध्ये करून अकराव्या वेळी धोतरात उभ्या राहिलेल्या नटाचे पाय कुठे जायचे ते विसरतात, आणि त्याचा सगळा अभिनय धोतर सांभाळण्यात जातो.

पुढच्या लेखांकात नव्या कापडाला जुनं करण्याची, म्हणजे रंगवण्याची, मळवण्याची आणि विरवण्याची रीत पाहू. तोवर घरातला एखादा जुना सदरा काखेत उसवा, तिथे चार इंची चौकोन जोडा आणि आधीचा नि नंतरचा फरक हात उंचावून तपासा.