फवारणी पंपाची बॅटरी किती वेळ चालेल?

रत्नागिरी तालुक्यातील पावस परिसरात हापूसच्या जुन्या, उंच झाडांना इंजिनचा पंप लागतो. नव्या लागवडीच्या ठेंगण्या कलमांवर तुडतुड्यांसाठी फवारणी करताना मात्र पाठीवरचा बॅटरी पंप सोयीचा पडतो. पिंपात द्रावण तयार असताना बॅटरी उतरली, तर औषधाचा खर्च वाया जातो. कारण उरलेले द्रावण दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये. म्हणून पुढील हिशेब आधी करावा.

विद्युत प्रभार म्हणजे काय?

पाटाने तासाला किती पाणी येते आणि ते किती तास चालते, यावरून एकूण पाणी समजते. विजेचेही तसेच आहे.

विद्युत प्रभार = विद्युतधारा × काळ

१ अँपिअर धारा १ सेकंद वाहिली की १ कूलोम प्रभार होतो. तीच धारा १ तास वाहिली की ३,६०० कूलोम, म्हणजेच १ अँपिअर-तास. बॅटरीवर हाच आकडा छापलेला असतो.

उदाहरण

समजा, बॅटरी १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासांची असून पंप २४ वॅटचा आहे. वॅटला व्होल्टने भागले असता धारा २ अँपिअर येते. पूर्ण भरलेली बॅटरी ८ ÷ २ = ४ तास चालावी.

आता, उतरलेली बॅटरी १.५ अँपिअरच्या चार्जरला लावली आणि ३ तासांनी वीज गेली. प्रभार १.५ × ३ = ४.५ अँपिअर-तास. पाचवा हिस्सा वाया जातो असे धरल्यास ३.६ उरतात. पंप ३.६ ÷ २ = १.८ तास, म्हणजे १०८ मिनिटे चालेल. १६ लिटरची टाकी १२ मिनिटांत संपत असेल, तर ९ टाक्या होतील. अशा वेळी २०० लिटरचे पूर्ण पिंप भरल्यास ५६ लिटर द्रावण शिल्लक राहील. ७ टाक्यांपुरते, म्हणजे ११२ लिटरच द्रावण करावे.

काळजी

१. आपली टाकी किती मिनिटांत संपते, ते साधे पाणी भरून घड्याळावर पाहावे.
२. शिसे-आम्लाची बॅटरी पूर्ण उतरू देऊ नये. तिचे आयुष्य घटते. पंपाचा जोर कमी होताच काम थांबवावे.
३. बॅटरी भरत आली की चार्जरची धारा कमी होते. म्हणून शेवटच्या टप्प्यास जादा वेळ द्यावा.
४. किनाऱ्यालगत खाऱ्या वाऱ्याने बॅटरीची टोके गंजतात. ती कोरड्या फडक्याने पुसून जोड घट्ट ठेवावेत.
५. बॅटरी जुनी होत जाते तशी तिची साठवण घटते. दर हंगामाच्या सुरुवातीस ती पूर्ण भरून किती वेळ चालते ते पाहावे व नव्या आकड्यानेच हिशेब करावा.