विंडोज अर्ध्यात अडकली तर?

होस्टेलवरचं पोरगं सुट्टीत घरी पोचलं की चहाच्या आधी कॉम्प्युटर पुढ्यात येतो. "तू इंजिनिअरिंगला आहेस ना, मग एवढी विंडोज टाकून दे." अमळनेर असो, चाळीसगाव असो की साक्री, सगळीकडे हेच. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, आणि जुन्या मशिनवर ११ टाकायची घाई सुरू झाली. मग इन्स्टॉलेशन मध्येच बंद पडतं, जुनी विंडोजही उठत नाही आणि कुणीतरी सल्ला देतो, "सगळी पार्टिशन उडव अन् नव्याने टाक."

मित्रांनो, इथे हात आवरा. त्या डिस्कवर ताईच्या लग्नाचे फोटो असतात, सातबाराचे स्कॅन असतात. इन्स्टॉलेशन फेल झालं म्हणजे डेटा गेलाच असं नाही, पण 'डिलीट' दाबलं की तो हाती लागणं कठीण. सेटअपच्या पडद्यावर शिफ्ट आणि एफ-१० दाबा. काळी खिडकी उघडेल, तिच्यात नोटपॅड टाइप करा, मग फाइल-ओपनमध्ये जाऊन 'ऑल फाइल्स' निवडा. सगळे ड्राइव्ह दिसू लागतात. राइट क्लिक करून फोल्डर कॉपी करा आणि दुसऱ्या पेन ड्राइव्हवर पेस्ट करा. ड्राइव्हची अक्षरं इथे बदललेली असू शकतात, आणि कॉपी किती झालं तेही दिसत नाही. खिडकी गोठल्यासारखी वाटली तरी वाट बघा.

डेटा बाहेर निघाला की मग निवांत शोध घ्या. पहिला प्रश्न एकच: दर वेळी त्याच जागी अडकतंय, की वेगवेगळ्या? रोज ४७ टक्क्यांवरच थांबत असेल तर पेन ड्राइव्ह किंवा डाउनलोड केलेली फाइल खराब असण्याची शक्यता जास्त. फाइल पुन्हा उतरवा, पेन ड्राइव्ह बदला. पण आज २० वर, उद्या ७० वर, मध्येच निळी पाटी, असं असेल तर संशय रॅमवर किंवा गरमीवर घ्या. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर जातो. कॅबिनेट उघडून प्रोसेसरचा पंखा बघा, धुळीचा थर बसलेला असेल तर ब्रशने काढा (आधी वायर काढा भो!). रॅमचे पाय खोडरबराने हलके घासायची आपली जुनी युक्ती अजून चालते. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघा.

सेटअपला हार्ड डिस्कच दिसत नसेल तर ती मेली असं लगेच समजू नका. इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपवर स्टोरेजचा ड्रायव्हर वेगळा द्यावा लागतो. कंपनीच्या साइटवरून तो उतरवून 'लोड ड्रायव्हर'ने दाखवायचा. दुखणं जुनंच आहे. २००१ च्या एक्सपीला नव्या साटा डिस्क दिसत नसत, तेव्हा एफ-६ दाबून तोच ड्रायव्हर फ्लॉपीवरून द्यावा लागे.

जुन्या डेस्कटॉपवर आणखी एक गोष्ट बघा: मदरबोर्डवरचा गोल सेल. तो संपलेला असेल तर लाइट गेली की बायोस सगळं विसरतं, तारीख मागे जाते आणि डिस्कचा मोडही बदलू शकतो. मग चांगली चालणारी विंडोजसुद्धा शेवटी ७बी असलेली निळी पाटी दाखवते. सीआर-२०३२ नावाचा सेल घड्याळाच्या दुकानात स्वस्तात मिळतो. तो बदला, तारीख लावा, मोड पूर्वीसारखा करा.

आणि 'हा पीसी विंडोज ११ चालवू शकत नाही' असंच येत असेल तर आधी बायोसमध्ये टीपीएम बंद आहे का ते बघा. ते चालू करूनही नकार आला तर प्रोसेसर जुना असू शकतो. आडमार्गाने टाकता येतं, पण अशा मशिनला पुढे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. घरी फक्त बिलं भरणं आणि पिक्चर बघणं असेल तर मी लिनक्स टाकून देईन. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये भाषांच्या यादीत मराठीही आहे.