बदामाला इस्पिक म्हणा, बिघडतंय काय?

दोस्त, पत्त्यांचा कॅट काढ बरं! इस्पिक, बदाम, चौकट, किलवर. प्रत्येक रंगाचे 13 पत्ते, एकूण 52!

पोकरच्या एका प्रकारात सुरुवातीला प्रत्येकाला दोन पत्ते मिळतात. (पैसेबिसे नकोत हं, आपण नुसते मोजणार!) दोन पत्त्यांच्या जोड्या किती होतील? ओळख! शंभर? दोनशे? छे! तब्बल 1,326!

आता चल पुण्यातल्या गुलटेकडीच्या मार्केट यार्डात, थेट फळबाजारात! समज, अडत्याच्या गाळ्यापुढे चार क्रेट आहेत. लाल, निळा, हिरवा, पिवळा. प्रत्येकात तीच 13 फळं: एक आंबा, एक पेरू, एक डाळिंब, एक चिकू... तू लाल क्रेटमधून आंबा आणि पेरू उचललास. तेच दोन निळ्यातून उचलले असतेस तर? क्रेट बदलला, माल तोच! बघायचं एवढंच, की दोन्ही फळं एकाच क्रेटमधली की वेगवेगळ्या?

पत्त्यांचंही अगदी तसंच! पोकरमध्ये चारही रंगांना सारखाच मान. म्हणून बदामचे राजा-राणी काय, इस्पिकचे राजा-राणी काय, एकच!

मग खरोखर वेगळ्या जोड्या किती? दोन एक्के, दोन राजे अशा 13. एकाच रंगातले दोन वेगळे पत्ते: 13 × 12 ÷ 2, म्हणजे 78. दोन रंगांतले दोन वेगळे पत्ते: पुन्हा 78. कर बेरीज... फक्त 169!

खरी गंमत तर पुढेच आहे! दोन खेळाडू, दोघांकडे दोन-दोन पत्ते. अशा लढती किती? 8,12,175! चार रंगांची आपापसांत अदलाबदल होते 24 प्रकारे. मग 24 ने भागायचं? भागून बघ. अरेच्चा, बाकी 15 उरली!

असं का? समज, माझ्याकडे बदामचे राजा-राणी आणि तुझ्याकडे बदामचीच दश्शी-नव्वी. उरलेल्या तीन रंगांची कितीही अदलाबदल कर, आपले पत्ते हलतच नाहीत! या लढतीची रूपं 24 नाहीत, फक्त 4. अशा सगळ्या लढती नीट मोजल्या, की वेगळ्या उरतात 47,008. कुठे आठ लाख, कुठे सत्तेचाळीस हजार! सगळ्या लढती तपासणाऱ्या संगणकाचा केवढा हिशेब वाचला!

आणि आपल्या ‘बदाम सात’मध्ये? तिथे डाव बदाम सत्तीनंच सुरू होतो. बदामचा मान वेगळा! म्हणून अदलाबदल उरलेल्या तिघांचीच. 24 नव्हे, फक्त 6 प्रकारे!

आता तुझा आवडता डाव घे. त्यात कुठल्या रंगाला खास मान आहे? तो बाजूला ठेव, बाकीच्यांची खुशाल अदलाबदल कर!