मनीची दृष्टी

आमची मनी तेरा वर्षांची. घराचा कोपरा न् कोपरा तिच्या पायाखालचा. एका सकाळी ती उंबरठ्याला अडखळली आणि दुधाच्या ताटलीत पाय घालून पुढे गेली. भर उजेडातही तिच्या बाहुल्या मोठ्या, काळ्याभोर दिसत होत्या. आज्जी म्हणाली, "वय झालं तिचं." मलाही ते पटले. त्यात चार दिवस गेले.

पाचव्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरांनी तिच्या पुढच्या पायाला लहानसा पट्टा गुंडाळून रक्तदाब मोजला. परक्या जागी भीतीनेही मांजराचा रक्तदाब चढतो. म्हणून आधी तिला शांत बसू दिले, मग पाच-सहा वेळा मोजून सरासरी काढली. वरचा आकडा १९२ भरला. १६० च्या पुढे काळजी करावी. १८० च्या पुढे डोळे, मेंदू, हृदय आणि मूत्रपिंडे यांना इजा होण्याचा मोठा धोका असतो.

डोळ्याच्या आत मागील बाजूस दृष्टिपटल असते. रक्तदाब फार वाढला की त्यामागच्या बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपते आणि पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीचा गिलावा फुगून सुटावा, तसे पटल जागचे सुटते. कधी आत रक्तस्रावही होतो. मूळ दुखणे मात्र पुष्कळदा दुसरीकडेच असते : मूत्रपिंडांचा जुनाट विकार किंवा थायरॉइड ग्रंथीचा अतिस्राव. मनीची मूत्रपिंडे थकली होती.

औषध निघाले आमच्या आजोबांचेच, ॲम्लोडिपिन! मात्रा मात्र अडीच मिलिग्रॅमच्या गोळीचा चतुर्थांश, दिवसातून एकदा. पण म्हणून कोणी घरातली गोळी आपल्या मनाने मांजराला देऊ नये. मात्रा डॉक्टरांनी रक्तदाब मोजूनच ठरवायची असते.

रक्तदाब उतरला की साचलेले पाणी शोषले जाते व पटल पुन्हा जागेवर बसू शकते. परंतु सुटलेल्या पटलातील पेशींचे पोषण तुटते. जितका उशीर, तितक्या अधिक पेशी मरतात. तीन आठवड्यांनी मनीची डावी बाहुली उजेडात बारीक होऊ लागली. एके संध्याकाळी ती भिंतीवरची पाल टक लावून पाहताना दिसली आणि आज्जीने देवापुढे साखर ठेवली. उजवा डोळा काही परतला नाही.

ते चार दिवस मला अजून टोचतात. म्हणून सांगतो : मांजर एकाएकी धडपडू लागले तर वयावर ढकलू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सात वर्षे उलटली की वर्षातून एकदा त्याचा रक्तदाब मोजून घ्या. मनीची ताटली आता आम्ही जागची हलवत नाही.