हुकूम कुणाचा, अपराध कुणाचा?

युद्ध संपले की राज्यकर्ते विजयाचे स्तंभ उभारतात, सैनिकांच्या छातीवर पदके लावतात आणि भाषणे ठोकून मोकळे होतात. परंतु ज्याच्या बोटाने बंदुकीचा घोडा ओढला, त्याच्या मनातले युद्ध संपते काय? इंग्रजी युद्धकवितेने शंभर वर्षे हा प्रश्न लावून धरला आहे. साहित्य ही भोगणाऱ्याची साक्ष असते, असे मानणाऱ्या आमच्या वाचकांनी ही साक्षही तपासून पाहिली पाहिजे.

विल्फ्रेड ओवेन हा पहिल्या महायुद्धातला ब्रिटिश अधिकारी. आघाडीवर मनाने खचल्यामुळे १९१७ साली त्याला एडिंबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट इस्पितळात ठेवण्यात आले. बरा होऊन तो पुन्हा लढायला गेला आणि युद्धविरामाच्या एक आठवडा आधी, ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, पंचविसाव्या वर्षी मारला गेला. ‘स्ट्रेंज मीटिंग’ या त्याच्या कवितेत एका सैनिकाला अंधाऱ्या भुयारात एक मेलेला माणूस भेटतो. तो आदल्या दिवशी यानेच ठार केलेला शत्रू असतो. तो शाप देत नाही, मित्र म्हणून बोलतो. आणि म्हणूनच ती भेट सहन होत नाही. ‘मेंटल केसेस’मध्ये भ्रमिष्ट सैनिकांच्या डोळ्यांपुढून मेलेले लोक हलत नाहीत. शेवटी ओवेन बोट दाखवतो ते त्या रोग्यांकडे नव्हे, तर त्यांना युद्धात लोटणाऱ्यांकडे. त्यात तो स्वतःलाही वगळत नाही. त्याचा प्रामाणिकपणा आम्हाला येथे दिसतो.

नव्वद वर्षांनी, २००८ साली, सायमन आर्मिटेज यांचा ‘द नॉट डेड’ हा संग्रह आला. युद्धावरून परतलेल्या सैनिकांनी सांगितलेल्या अनुभवांवर तो उभा आहे. त्यातल्या ‘रिमेन्स’ या कवितेमागे इराकमधल्या बसऱ्याचा अनुभव आहे. बँक लुटून पळणाऱ्या माणसावर तिघे सैनिक गोळ्या झाडतात. त्याच्या हाती शस्त्र होते की नव्हते, हे कुणालाच ठाऊक नाही. गोळ्या झाडताना कवितेत ‘आम्ही’ असते. सैनिक रजेवर घरी येतो, रात्री डोळे मिटतो, तेव्हा उरतो फक्त ‘मी’. दारूने आणि नशेनेही तो मेलेला माणूस डोक्यातून जात नाही. गोळी तिघांनी झाडली, हुकूम वरून आला, युद्ध सरकारने पुकारले; पण अपराध मात्र एकट्याच्या वाट्याला आला!

या दुःखातही वरचा-खालचा भेद आहे, हे विसरून चालणार नाही. क्रेगलॉकहार्ट हे अधिकाऱ्यांचे इस्पितळ होते. तेथे डॉक्टर रोग्याचे म्हणणे ऐकून घेत. साध्या शिपायाचे मन मोडले, तर त्याला भित्रा ठरवले जाण्याची भीती होती. पळपुटेपणा, भित्रेपणा अशा आरोपांखाली त्या युद्धात गोळ्या घातलेल्या ३०६ सैनिकांना ब्रिटनने माफी दिली ती २००६ साली. नव्वद वर्षे त्यांच्या घरच्यांनी तो कलंक वाहिला.

आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ‘रिमेन्स’मधल्या मेलेल्या इराकी माणसाला नाव नाही, घर नाही, रडणारी आई नाही. मारणाऱ्याच्या वेदनेला निदान कवी मिळाला; मरणाऱ्याची वेदना त्या कवितेत मुकीच राहिली. म्हणून ही कविता खोटी ठरत नाही. परंतु सैनिकाची साक्ष ही अर्धी साक्ष आहे, हे भान वाचकाने ठेवावे.

१९८० साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी या यातनेला आजार म्हणून अधिकृत नाव दिले. उपचार मिळालेच पाहिजेत, त्याबद्दल वाद नाही. परंतु सैनिकाचा अपराधभाव हा निव्वळ आजार आहे काय? आमच्या मते तो जिवंत माणुसकीचा पुरावा आहे. शांततेचे मार्ग शिल्लक असतानाच ब्रिटन इराकच्या युद्धात उतरले, असे चिलकॉट चौकशी अहवालाने २०१६ साली सांगितले. ज्यांनी तो निर्णय घेतला त्यांचे काय? झोप उडाली ती शिपायाची. जोवर हुकूम देणाऱ्यांना जाब विचारला जात नाही, तोवर हा हिशेब पुरा होणार नाही.